विवाद की आरोप? उपवर्गीकरणाच्या चर्चेतले हेत्वारोप आणि विनयपिटकातला भेद

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आंबेडकरी समाजात जी चर्चा झाली, तिच्यात निकालापेक्षा माणसांविषयीच जास्त बोलले गेले. उपवर्गीकरणाला विरोध करणारा ‘नवब्राह्मण’, ‘आरक्षण लाटणारा’, मातंगद्वेष्टा ठरला. पाठिंबा देणारा ‘संघाचा हस्तक’, ‘आंबेडकरद्रोही’, फुटीर ठरला. वाहिन्यांवरच्या चर्चेत आणि समाजमाध्यमांवर ‘तुमचा मुद्दा चुकीचा आहे’ हे वाक्य क्वचितच ऐकू आले. ‘तुमच्या मनात जात आहे’ हे मात्र सतत ऐकू आले.

हा आरोप आपल्या समाजात हलका नाही. ज्यांनी जातीचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांनाच जातीयवादी म्हणणे म्हणजे त्यांच्या इतिहासावरच बोट ठेवणे. म्हणून निकालात नेमके काय आहे, मतभेद कोणत्या मुद्द्यांवर आहे, असे आरोप याआधी कधी झाले आणि बौद्ध परंपरेने मतभेद आणि आरोप यांत काय फरक केला आहे, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

निकालापर्यंतचा प्रवास

उपवर्गीकरण ही कल्पना नवी नाही आणि कोणत्याही एका पक्षाची नाही. १९७५ मध्ये पंजाबमधील काँग्रेसच्या ग्यानी झैलसिंग सरकारने अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शिखांना प्राधान्य दिले. आंध्र प्रदेशात १९९४ मध्ये मंदा कृष्णा मादिगा यांच्या नेतृत्वाखाली मादिगा रिझर्वेशन पोराटा समिती उभी राहिली. न्या. रामचंद्र राजू आयोगाच्या अहवालानंतर तेलुगू देसमच्या सरकारने २००० मध्ये कायदा करून १५ टक्के आरक्षणाचे अ, ब, क, ड असे चार भाग केले. रेल्ली गटाला १, मादिगा गटाला ७, माला गटाला ६ आणि आदि आंध्र गटाला १ टक्का मिळाला. आपल्याकडच्या मातंग संघटना ‘अ ब क ड’ची मागणी करतात, तिचे नाव या विभागणीशी जुळते.

५ नोव्हेंबर २००४ रोजी ई. व्ही. चिन्नय्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा कायदा रद्द केला. राष्ट्रपतींच्या यादीत आलेल्या सर्व जाती मिळून एकच वर्ग होतो, राज्याला तो फोडता येणार नाही, असा त्याचा आधार होता. पंजाबने २००६ मध्ये केलेल्या कायद्यातील अशीच तरतूद २०१० मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये सात न्यायाधीशांकडे सोपवले गेले. पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग ते हेच.

सात न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला होते. अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग नाही, त्यामुळे राज्याला त्यात उपगट करता येतील, असे त्यांनी म्हटले. त्यासाठी अटीही घातल्या. एखाद्या गटाचे प्रतिनिधित्व अपुरे आहे हे आकडेवारीने दाखवावे लागेल. सगळ्या राखीव जागा एकाच गटाला देऊन इतरांना बाहेर ठेवता येणार नाही. आणि या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकेल. न्या. बेला त्रिवेदी यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. अनुच्छेद ३४१ नुसार यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे आणि उपगट करणे म्हणजे मागच्या दाराने यादी बदलणेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

क्रीमी लेयरचा मुद्दा वेगळा आहे. तो न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता. तरीही न्या. भूषण गवई यांनी अनुसूचित जाती-जमातींमधील क्रीमी लेयर ओळखण्यासाठी राज्यांनी धोरण आखावे असे मत मांडले आणि आणखी तीन न्यायाधीशांचा सूरही तसाच होता. ९ ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाने अशी तरतूद राज्यघटनेत नाही, असे सांगून विषय बाजूला ठेवला. आपल्याकडच्या चर्चेत मात्र उपवर्गीकरण आणि क्रीमी लेयर यांची इतकी सरमिसळ झाली की एकाला विरोध करणाऱ्याच्या माथी दुसऱ्याचा विरोध आपोआप मारला गेला.

कोण कुठे उभे होते

माणसाची भूमिका त्याच्या जातीवरून किंवा गोटावरून ओळखता येते असे मानणाऱ्यांनी या प्रकरणातली नावे एकदा नीट पाहावीत. क्रीमी लेयरच्या बाजूने सर्वांत ठळकपणे लिहिणारे न्यायाधीश रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव, आंबेडकरी बौद्ध घरातले. उपवर्गीकरणाच्या विरोधात एकट्या उभ्या राहिलेल्या न्या. त्रिवेदी २०२२ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा निकाल देणाऱ्या बहुमतात होत्या. त्या निकालावर आंबेडकरी वर्तुळात कडाडून टीका झाली होती. दोन वर्षांनी उपवर्गीकरणाच्या विरोधकांना आधार मिळाला तो त्यांच्याच मतपत्रिकेचा.

राजकीय पक्षांतही सरळ रेषा ओढता येत नाही. ॲड. प्रकाश आंबेडकर, मायावती आणि चंद्रशेखर आझाद यांनी निकालाला विरोध केला. केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीतले चिराग पासवान यांनीही केला. त्याच आघाडीतल्या जीतनराम मांझी यांनी निकालाचे स्वागत केले. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. त्यानंतर हरियाणात भाजप सरकारने उपवर्गीकरण लागू केले. तेलंगणात काँग्रेस सरकारने १४ एप्रिल २०२५ पासून १, ९ आणि ५ टक्के असे तीन गट केले. कर्नाटकातील काँग्रेस सरकारनेही २०२५ मध्ये तीन गटांचा निर्णय घेतला.

या मागणीचा राजकीय फायदा कोणी घेतच नाही, असा याचा अर्थ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, तेलंगणा विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पंतप्रधान सिकंदराबादेत मादिगांच्या सभेला गेले आणि समिती नेमण्याचे आश्वासन देऊन आले. त्यात मतांचे गणित होते हे सांगायला अभ्यासक लागत नाही. पण मागणी १९९४ पासूनची, पंजाबचे परिपत्रक १९७५ चे. मतांसाठी एखाद्या मागणीचा वापर झाला म्हणून ती मागणी करणारा विकला गेलेला ठरत नाही. हे दोन मुद्दे वेगळे ठेवता आले असते तर निम्मी भांडणे झालीच नसती.

१९२८ आणि १९३२

स्वतंत्र मतदारसंघ की राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ, हा आपल्या चळवळीतला सर्वांत मोठा धोरणात्मक वाद. त्यात बाबासाहेबांवर देशद्रोहाचा आणि इंग्रजांचा हस्तक असल्याचा आरोप झाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची स्वतःची भूमिका परिस्थितीनुसार बदलली होती, हे मात्र आज फारसे कोणी सांगत नाही.

ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी प्रौढ मताधिकारासह राखीव जागा मागितल्या आणि प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तरच स्वतंत्र मतदारसंघ हवेत असे सांगितले. मे १९२९ च्या आपल्या वेगळ्या अहवालात तर त्यांनी जातीय मतदारसंघांच्या पद्धतीवरच टीका केली. गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला. १६ ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात ते मिळाले. गांधीजींचे उपोषण २० सप्टेंबरला सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ७१ स्वतंत्र जागांऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या.

१९२८ चे बाबासाहेब अस्पृश्यविरोधी आणि १९३१ चे अस्पृश्यहितैषी, असे कोणी म्हणेल का? उद्दिष्ट एकच होते. बदलला तो मताधिकाराचा हिशेब, आणि त्यानुसार साधन बदलले. धोरणावरचा मतभेद म्हणतात तो हाच.

त्याच काळात एम. सी. राजा यांनी मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ पत्करले. महाराष्ट्रात पां. ना. राजभोज आणि क्रिकेटपटू पी. बाळू हेही संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. दोघेही चर्मकार समाजातले, त्यामुळे ‘महारांचे नेतृत्व विरुद्ध इतर’ असा रंग त्या वादाला देणारे तेव्हाही होते. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजभोज मात्र पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये फेडरेशनच्या तिकिटावर सोलापुरातून लोकसभेवर गेले. १९३२ मध्ये त्यांच्यावर कायमचा शिक्का मारून दार लावून घेतले असते, तर फेडरेशनला हा सरचिटणीस मिळाला नसता. राजा यांना काँग्रेसवरच्या विश्वासाची किंमत मोजावी लागली. १९३८ मध्ये मद्रास विधिमंडळात त्यांच्या मंदिरप्रवेशाच्या विधेयकाला राजगोपालाचारींच्या सरकारनेच विरोध केला. त्यांचा अंदाज चुकला होता. अंदाज चुकणे आणि समाजाशी द्रोह करणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

द्वेषाच्या आरोपाला बाबासाहेबांनी स्वतः उत्तर दिले आहे. रानडे, गांधी आणि जीना यांच्यावरचे १९४३ चे पुण्यातले भाषण छापताना गांधी-जीनांचा द्वेष करतात म्हणून टीका करणाऱ्या वृत्तपत्रांचा त्यांनी प्रस्तावनेत समाचार घेतला. राजकीय पुढाऱ्याचे परखड मूल्यमापन म्हणजे त्याचा द्वेष, ही समजूतच त्यांना मान्य नव्हती.

‘चमचा’ शब्दाची गोष्ट

पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. संयुक्त मतदारसंघात अनुसूचित जातींचा उमेदवार इतरांच्या मतांवर निवडून येतो, त्यामुळे तो त्यांच्या हातातले साधन होतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. रोख रचनेवर होता. चमचे का तयार होतात, याचे कारण त्यांनी निवडणूक पद्धतीत शोधले.

आज हा शब्द वापरणाऱ्या दहा जणांत त्या रचनेबद्दल बोलणारा एकही भेटत नाही. शब्द उरला, सिद्धान्त गळून पडला. ‘मनुवादी’ या शब्दाचेही तेच होऊ लागले आहे. मनुस्मृतीची समाजरचना योग्य मानणाऱ्या माणसासाठी तो अचूक शब्द आहे. पण राखीव जागांची विभागणी ७-६ अशी असावी की ९-५ अशी, यावर वेगळे मत असणाऱ्यालाही तोच शब्द लावला, तर खरा मनुवादी समोर आल्यावर आपल्याकडे वेगळा शब्द उरत नाही. आणि खरे मनुवादी कमी झालेले नाहीत.

विनयातला भेद

भिक्खुसंघातल्या वादांचे विनयपिटकात चार प्रकार सांगितले आहेत. पहिला विवादाधिकरण, म्हणजे धम्म काय, विनय काय यावरचा मतभेद. दुसरा अनुवादाधिकरण. पालीतल्या ‘अनुवाद’ शब्दाचा भाषांतराशी संबंध नाही. एखाद्याच्या शीलावर, आचारावर ठेवलेला दोषारोप असा त्याचा अर्थ. उरलेले दोन प्रकार अपराध आणि संघाची कामे यांच्याशी संबंधित आहेत. महत्त्वाचे हे की मतभेद आणि दोषारोप यांना दोन नावे आहेत आणि ते मिटवण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. मतभेद समोरासमोर मिटला नाही तर शलाका वाटून बहुमताने सोडवता येतो. दोषारोप बहुमताने सुटत नाही. शंभर जणांनी हात वर केले म्हणून माणूस दोषी ठरत नाही. तिथे समोर बसून चौकशीच व्हावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बौद्ध संघांच्या संसदीय कार्यपद्धतीचा उल्लेख केला होता. मतदानाची ही रीतही त्याच परंपरेतली.

दब्ब मल्लपुत्ताची कथा तर थेट आपल्या विषयाची आहे. राजगृहाच्या वेळुवनात दब्ब यांच्याकडे भिक्खूंना निवासाची जागा नेमून देणे आणि भोजनाची निमंत्रणे वाटणे ही कामे होती. आजच्या भाषेत, वाटपाचे खाते त्यांच्याकडे होते. मेत्तिय आणि भुम्मजक हे नवे भिक्खू. त्यांच्या वाट्याला नेहमी निकृष्ट निवास आणि निकृष्ट भोजन येई. एकदा उत्तम भोजन देणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी त्यांची पाळी आली. कोण येणार हे कळल्यावर त्या गृहस्थानेच त्यांना बाहेर बसवून कण्यांचा भात आणि आंबट पेज वाढायला सांगितले. हे दब्बानेच घडवले, असा या दोघांचा ग्रह झाला. त्यांनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला पुढे करून दब्बांवर बलात्काराचा आरोप केला. चौकशीत तो खोटा निघाला आणि रागापोटी केल्याचे दोघांनी कबूल केले. निराधार आरोपाविषयीचा संघादिसेसातला आठवा नियम यातून आला.

पुढचा प्रसंग आणखी बोलका आहे. गृध्रकूटावरून उतरताना त्यांना बोकड आणि शेळी दिसली. बोकडाचे नाव त्यांनी दब्ब ठेवले, शेळीचे मेत्तिया, आणि आता आपण ‘डोळ्यांनी पाहिले’ म्हणून पुन्हा तोच आरोप केला. नववा नियम अशा आरोपांसाठी आहे, जिथे कुठला तरी धागा पकडून भलत्याच गोष्टीचा दोष माणसावर टाकला जातो. कोणाचा तरी जुना फोटो, कोणाबरोबर तरी घेतलेला चहा, दहा वर्षांपूर्वीच्या भाषणातले अर्धे वाक्य पुरावा म्हणून फिरवणाऱ्यांनी हा बोकड जरूर आठवावा.

पण मेत्तिय-भुम्मजकांची कण्यांची पेज खोटी नव्हती. त्यांना वाईट अन्न मिळत होते, हे विनयपिटक लपवत नाही. त्या तक्रारीला जागा होती का? होती. याच दोघांनी दब्ब पक्षपात करतात अशी कुजबूज केली, तेव्हा तिच्यावरही पाचित्तियातला नियम झाला. पण त्या नियमाला अपवाद ठेवला आहे: अधिकारी खरोखरच छंद, द्वेष, मोह किंवा भय यांच्या आहारी जाऊन वागत असेल, तर तसे बोलणाऱ्याला दोष नाही. या चार गोष्टींना अगती म्हणतात, आणि आपण ज्याला पूर्वग्रह म्हणतो तो यातच येतो. म्हणजे पूर्वग्रहाचा आरोप करायला बंदी नाही. तो खरा असायला हवा, एवढीच अट आहे.

आरोप केव्हा खरा असतो

‘सगळेच एकमेकांना जातीयवादी म्हणतात, सोडून द्या’ असे म्हणणे सवर्ण संपादकांना परवडते, आपल्याला नाही. धोरणाच्या आडून पूर्वग्रह बोलतो हा आपला रोजचा अनुभव आहे. ‘आरक्षणाने गुणवत्ता घसरते’ या वाक्यात राखीव जागेवरचा माणूस कमी गुणवत्तेचाच असणार हे आधीच गृहीत धरलेले असते. तिथे पूर्वग्रह शोधायला बोलणाऱ्याच्या मनात शिरावे लागत नाही, तो वाक्यातच असतो.

हीच कसोटी आपल्या चर्चेला लावून पाहावी. ‘रिक्त पदे भरलीच जात नाहीत, कंत्राटी भरती वाढली आहे, अशा वेळी १३ टक्क्यांचे तुकडे करून कोणाच्या हाती काय लागणार?’ हा मुद्दा आहे. ‘लहान गटाच्या वाट्याच्या जागांना पात्र उमेदवार मिळाला नाही तर त्या कोणाकडे जातील?’ हाही मुद्दा आहे, आणि अत्यंत महत्त्वाचा. दुसऱ्या बाजूने, ‘१९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० चे मिलिंद महाविद्यालय यांचा लाभ ज्यांना आधी मिळाला, ते पुढे गेले, मागे राहिलेल्यांना वेगळा हात द्या’ हाही मुद्दा आहे. पण ‘मातंगांनी शिकायचे मनावर घेतले नाही, हातात झाडू आणि हलगीच बरी वाटली’ हा मुद्दा नाही, ती अगती आहे. आपल्याच वस्तीत ती ऐकू येते. ‘बौद्धांनी आमच्या नोकऱ्या चोरल्या’ हीसुद्धा तीच. स्पर्धा परीक्षा देऊन लागलेल्या मुलीने कोणाची चोरी केलेली नाही.

अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती. दोन्ही समाजांच्या सभांत हे अभिमानाने सांगितले जाते आणि त्याच सभांत पुढच्या वक्त्याकडून वरची दोनपैकी एखादी ओळही ऐकू येते.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न

राज्यात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांच्या आसपास होती. त्यात महार सुमारे ८० लाख, मातंग सुमारे २५ लाख, चर्मकार सुमारे १४ लाख. उरलेल्या अनेक जातींची संख्या फारच थोडी. मातंग समाजासाठी क्रांतिवीर लहुजी साळवे आयोग नेमला गेला होता, त्याने ८२ शिफारशी केल्या. उपवर्गीकरणाच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली गेली.

बौद्धांसाठी यात एक स्वतंत्र अडचण आहे. २०११ मध्ये राज्यातील बौद्धांची संख्या ६५ लाखांवर होती, पण अनुसूचित जातींत नोंदलेले बौद्ध सुमारे ५२ लाख. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले ते मूळ जातीच्या नावाने. ज्याने जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ लिहिले, तो त्या मोजणीतून सुटण्याची शक्यता असते. धम्मदीक्षेने जात टाकली म्हणून तसे लिहिणारा माणूस तत्त्वाला जागतो, पण आकडेवारीत त्याच्या समाजाची लोकसंख्या कमी दिसते आणि नोकऱ्यांतला वाटा तुलनेने जास्त दिसतो. उपवर्गीकरणासाठी न्यायालयाने जी आकडेवारी मागितली आहे, तिच्यावर या तफावतीचा थेट परिणाम होऊ शकतो. येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार असल्याने त्या रकान्यात काय लिहायचे, यावर विहाराविहारांत आत्ताच बोलणे सुरू व्हायला हवे.

शासनाकडे मागायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. गट अ ते गट ड पर्यंत प्रत्येक संवर्गात ५९ जातींपैकी कोणाचे किती कर्मचारी आहेत, अनुशेष किती आहे, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांचा लाभ कोणत्या जातीच्या किती विद्यार्थ्यांना मिळाला, ही माहिती जाहीर व्हावी. उपवर्गीकरणाचा समर्थक असो की विरोधक, या मागणीवर दोघांनाही सही करता येते. आणि उपगट झालेच, तर एका गटाच्या न भरलेल्या जागा आधी दुसऱ्या गटाकडे जातील, खुल्या प्रवर्गाकडे नाही, ही अट कायद्याच्या मसुद्यातच लिहून घ्यावी लागेल. आंध्रच्या २००० च्या कायद्यावर वाद झाला तो टक्क्यांचा. महाराष्ट्रात खरी लढाई या एका कलमावर होईल.